राजीनामा देण्याआधी मेडिक्लेमचा हिशेब कसा मांडायचा

नोकरी सोडायची म्हटलं की माणसं पगार मोजतात, पीएफ बघतात, ग्रॅच्युइटीची वर्षं भरली का ते विचारतात. मेडिक्लेमची आठवण बहुतेकांना राजीनामा देऊन झाल्यावर होते. ज्यांच्या घरात नुकतंच मोठं दुखणं होऊन गेलंय त्यांना मात्र ती आधी होते, आणि अशी होते की बिचारे नकोशा नोकरीला चिकटून बसतात. या दोन्ही तऱ्हांसाठी हे लिहितेय.

मी रोह्याजवळ धाटाव एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या टाइम ऑफिसात होते. हजेरी, पगारपत्रकं, ईएसआयचे नंबर, ग्रुप मेडिक्लेमच्या याद्या, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आता रेवदंड्याला घरी असते, पण टेबल काही सुटलं नाही. नागावपासून मुरूडपर्यंतची माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीत पे-स्लिपा, रेशनकार्ड आणि जुने रिपोर्ट कोंबून आणतात आणि विचारतात, "काकू, सोडू का?" मी पॉलिसी विकत नाही, कुणाचं कमिशन खात नाही. फार तर कोणी शहाळी ठेवून जातं. सोडू की नको याचं उत्तर माझ्याकडे नसतं, हिशेब कसा मांडायचा ते सांगू शकते.

आधी डोक्यावर छप्पर कोणाचं ते बघा

पे-स्लिपमध्ये 'ईएसआय' अशी कपात दिसते का? दिसत असेल तर तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत आहात. ती दिसत नाही, पण कंपनीने ई-कार्ड दिलंय, तर ग्रुप मेडिक्लेम. दोन्ही नसेल तर तुमचं छप्पर सरकारी योजनेचं किंवा तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचं. काहींचं तर काहीच नसतं आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी हे आधी तपासा. कपात होतेय आणि नंबरच तयार नाही, असे प्रकार माझ्या टेबलावर आलेले आहेत.

आता तिन्हींचे हिशेब वेगळे. ईएसआयचा सगळ्यात जास्त गैरसमजांचा, म्हणून तो आधी.

एकवीस हजारांची रेघ

चौलचा एक मुलगा, प्लँटवर ऑपरेटर. ओटीवर बसला आणि म्हणाला, "काकू, साहेबांना सांगून इन्क्रिमेंट थांबवता येतं का?" पगार २०,८००. नवीन होणार २३,०००. घरात बायको, दोन मुलं, आईला शुगर, वडिलांना दमा. सगळे त्याच्या कार्डावर. ईएसआयची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० आहे, त्यावर गेलं की कार्ड जातं, एवढं त्याला माहीत होतं. म्हटलं, "ओव्हरटाइम करतोस ना?" तर म्हणे, "तोही बंद केलाय. एकवीसच्या वर जाईल ना."

इथे मी डोक्याला हात लावला. मर्यादा ठरवताना ओव्हरटाइमचे पैसे धरत नाहीत. निव्वळ ऐकीव गोष्टीवर हा मुलगा महिनोन्महिने हातातली कमाई सोडत होता, आणि त्याच्या शिफ्टमधले आणखी काही जणही. तेव्हा पहिलं काम हे: तुम्ही ज्या भीतीने काम नाकारताय ती खरी आहे का, ते टाइम ऑफिसात जाऊन विचारा. कँटीनमध्ये नाही.

इन्क्रिमेंटची भीती मात्र खरी. म्हणून कागद घेतला आणि मांडलं. २०,८०० वर त्याचे ०.७५ टक्के म्हणजे १५६ रुपये जायचे, कंपनीचे ३.२५ टक्के म्हणजे ६७६. दोन्ही मिळून महिना ८३२. तेवढ्यात सहा माणसांचा औषधोपचार, शिवाय तो स्वतः आजारी पडला तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता. वाढ घेतली तर हातात महिना २,२०० आणि वाचलेले १५६, म्हणजे वर्षाला २८,२७२ जास्त. एवढ्यात सहा जणांची, त्यातही शुगर आणि दम्याच्या दोन म्हाताऱ्यांची पॉलिसी बाजारात येत नाही. म्हणजे पोरगा मूर्ख नव्हता, त्याचा हिशेब बरोबर होता. साहेब लोक अशा कामगारांना "महत्त्वाकांक्षा नाही" म्हणतात तेव्हा मला राग येतो तो यासाठी.

पण हिशेब पुरा नव्हता. एक तारखा राहिल्या होत्या, आणि दुसरं वडिलांचं वय.

तारखांचं असं आहे. ईएसआयची वर्गणी सहा-सहा महिन्यांची असते: एप्रिल ते सप्टेंबर, आणि ऑक्टोबर ते मार्च. सत्र सुरू झाल्यानंतर पगार मर्यादेबाहेर गेला, तर ते सत्र संपेपर्यंत तुम्ही योजनेतच राहता. आणि सत्रात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर त्या सत्राचे फायदे पुढे मिळतात: एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत, ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत.

आता बघा गंमत. वाढ १ एप्रिलपासून लागू झाली तर सत्राच्या पहिल्याच दिवशी तुम्ही बाहेर, आणि उपचार ३१ डिसेंबरपर्यंत. तीच वाढ १ मेपासून लागू झाली, तर सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालू आणि उपचार पुढच्या ३० जूनपर्यंत. एका महिन्याच्या वाढीवर पाणी सोडलं की सहा महिन्यांचं छप्पर वाढतं. एवढी तारीख मागेपुढे करायला बहुतेक एचआरवाले तयार होतात, फक्त कारण सांगून मागायला हवं. नोकरीच सोडणाऱ्यांनाही हाच नियम. मेच्या शेवटी राजीनामा देण्याऐवजी जूनअखेर दिला की ७८ दिवस भरतात. लोक शेवटच्या दिवशी कार्ड कपाटात टाकून देतात आणि पुढच्या महिन्यात खाजगी डॉक्टरला पैसे मोजतात. तसं करू नका. ईएसआयच्या पोर्टलवर आपला नंबर टाकून पात्रतेची तारीख बघा.

वडील त्र्याहत्तर वर्षांचे होते. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधीचा दमा, आधीची शुगर चालते, वेटिंग नाही, म्हणजे क्लेम मिळायला काही महिने-वर्षं थांबावं लागत नाही. त्यामुळे वडिलांची खाजगी पॉलिसी हिशेबातून गेली. उरली आई. तिच्यासाठी आणि चौघांसाठी मधल्या महिन्यांतच पॉलिसी घ्यायची, म्हणजे ईएसआय बंद होईपर्यंत वेटिंगचा काही काळ सरलेला असेल, असं ठरलं. त्याने वाढ घेतली, आणि ओव्हरटाइमही सुरू केला.

सगळ्यांचं असं जमत नाही. ज्याच्या घरात दरमहा महागडी औषधं लागतात, त्याला ईएसआयच्या दवाखान्यातून मिळणारी ती औषधं हाच खरा पगार असतो. कारण सरकारी योजना किंवा मेडिक्लेम हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावर उपयोगाला येतात, रोजच्या गोळ्यांना सहसा नाही. त्याने वाढ नाकारली तर मी त्याला शहाणपण शिकवायला जात नाही.

मुंबईची नोकरी सोडून वाडीत यायचं असेल तर

हा दुसरा मोठा घोळका. वाशी-ऐरोलीला नोकरी, नागावला नारळी-पोफळीची वाडी, घराला चार खोल्या काढून 'राहण्या-जेवण्याची घरगुती सोय'. माझ्या भाच्याचंही तेच. त्याने लॅपटॉपवर शीट करून आणली होती. दिवाळी, नाताळ, मे महिन्याचे शनिवार-रविवार, एसीचं बिल, जेवणवाल्या बाईचा पगार, इतकंच काय नारळ उतरवायची मजुरीही होती. औषधपाण्याची ओळ नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "मावशी, कंपनीचा मेडिक्लेम आहे की."

"कंपनी सोडल्यावर?"

त्यावर तो बघतच राहिला. भावोजींची, म्हणजे त्याच्या वडिलांची, बायपास याच मेडिक्लेमवर झालेली.

त्याला एचआरला मेल करून चार गोष्टी लेखी विचारायला लावल्या, आणि तुम्हीही याच विचारा. विमा कंपनी कोणती आणि पॉलिसी नंबर काय. घरातली कोणकोण माणसं, कोणत्या तारखेपासून यादीत आहेत. शेवटच्या दिवसानंतर विमा किती दिवस चालतो. आणि गटातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय कशी करायची. तिसऱ्याचं उत्तर आलं, "लास्ट वर्किंग डेपर्यंत." बहुतेक ठिकाणी तेच येतं.

चौथा प्रश्न सगळ्यात मोलाचा आणि तोच कोणी विचारत नाही. ग्रुप मेडिक्लेममधून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर करायचा पर्याय असतो. गटात काढलेली वर्षं वेटिंगमध्ये वजा होतात, मात्र जुन्या विमा रकमेपुरतीच. नवीन, कोरी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. २०२४ पर्यंत हीच मर्यादा ४८ महिने होती. पुढे दुसऱ्या कंपनीत जावंसं वाटलं तर रिन्युअलच्या निदान ४५ दिवस आधी पोर्टेबिलिटीचा, म्हणजे जुनी वर्षं सोबत घेऊन कंपनी बदलण्याचा, अर्ज करायचा. पण स्थलांतर म्हणजे हक्काने मिळालेली पॉलिसी नव्हे. विमा कंपनी तपासण्या मागते, प्रीमियम वाढवून मागते, एखाद्याला नाहीही म्हणते. म्हणूनच हे सगळं राजीनाम्याच्या आधी सुरू करायचं. जून उजाडल्यावर कौलं परतायला कोणी छपरावर चढत नाही.

क्रम असा ठेवा: एचआरचं उत्तर, विमा कंपनीला अर्ज, तपासण्या, पॉलिसीचा कागद हातात, मग राजीनामा. नोटीस पिरियड त्यानंतर. आणि घरात कोणाचं ठरलेलं ऑपरेशन असेल तर ते नोकरीत असतानाच उरकून घ्या. ताईच्या गुडघ्याचं 'बघू पुढच्या वर्षी' चाललं होतं, ते तेव्हाच केलं. गुडघा, मोतीबिंदू, हर्निया यांना नवीन पॉलिसीत आजाराचा इतिहास नसला तरी वेटिंग असतं, बऱ्याचदा दोन वर्षांचं. बाळाचा विचार असेल तर तसंच. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बाळंतपण बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं, वैयक्तिक पॉलिसीत असलं तर वेटिंगनंतर.

भाच्याला तिघांसाठी २४,००० च्या आसपास आणि ताईसाठी ३८,००० असा कोट आला. एकूण ६२,०००. हा आकडा वर्षाचा म्हणून बघितला की डोळे पांढरे होतात, महिन्याचा म्हणून बघितला की फसवा वाटतो. मी त्याला खोलीच्या भाड्यात मोजायला लावला. २,५०० रुपये भाड्याने पंचवीसेक रात्री. म्हणजे वर्षातल्या पहिल्या पंचवीस रात्रीचं भाडं विम्याचं, त्यात जेवणाचे पैसे धरायचे नाहीत. शीटमध्ये तशी ओळ टाकली तेव्हा कुठे तो धंदा जमेल की नाही ते दिसायला लागलं. जुना कोट घेऊन हिशेब करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय. आणि प्रीमियमवर ८०डी खाली आयकराची सूट हवी असेल तर ती जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही.

भावोजींना विमा कंपनीने जो भाव सांगितला तो ऐकून सगळे गप्प झाले. ते सत्तरीच्या पुढचे, म्हणून त्यांचं वय वंदना कार्ड काढलं, आणि त्यांच्या पॉलिसीला जे गेले असते ते पैसे वेगळ्या खात्यात टाकायचं ठरलं. त्या खात्याचं एटीएम कार्ड ताईकडे आहे. भाच्याकडे दिलं असतं तर त्यातून गीझर आले असते.

किनारपट्टीवरच्या माणसाने आणखी दोन गोष्टी बघायच्या. काही पॉलिसींचा प्रीमियम गावानुसार ठरतो. पत्ता नागावचा टाकला तर प्रीमियम कमी लागतो, पण मग मुंबईत उपचार घेतले की बिलाचा काही टक्के भाग तुमच्या खिशातून जातो. आपल्याकडे मोठं दुखणं आलं की पेशंट शेवटी पनवेलला, नाहीतर मुंबईलाच जातो. तेव्हा ही अट असेल तर स्वस्त पत्ता घेऊ नका. दुसरी, पॉलिसी सुरू करायची तारीख. मेच्या शेवटी सुरू केली तर दर वर्षी रिन्युअल सीझनचा पैसा हातात असताना येतं. ऑगस्टमध्ये आलं तर पावसाने गिऱ्हाईक नाही, आणि हप्ता डोक्यावर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्याकडच्या वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या, त्या वर्षी कित्येकांनी पहिली काट मारली ती मेडिक्लेमला. मुदत उलटल्यावर वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांची सवलत असते. त्यात भरलं तर जुनी वर्षं वाया जात नाहीत, पण मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा क्लेम मिळेल असं धरून चालू नका.

हा गुंता आपल्याच नशिबी आहे असं नाही

अमेरिकेत याला जॉब लॉक म्हणतात. १९४२ मध्ये युद्धाच्या काळात तिथल्या सरकारने पगारवाढीला आळा घातला, तेव्हा कंपन्यांनी माणसं खेचायला पगाराऐवजी विमा पुढे केला, आणि विमा नोकरीला बांधला गेला तो गेलाच. ब्रिजिट मॅड्रियन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ मध्ये मांडलं की या बांधणीमुळे आपणहून नोकरी सोडण्याचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांनी घटतं. तिथे निदान नोकरी सुटल्यावर कोब्रा कायद्याखाली तोच ग्रुप विमा साधारण १८ महिने स्वतःच्या पैशाने चालू ठेवता येतो. आपल्याकडे ते नाही, म्हणून वरचं स्थलांतराचं प्रकरण नीट वाचा.

उलट बाजूने गावात एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "सरकारने फुकट उपचार दिले की लोक कामं सोडून बसतील." ऑरेगन राज्यात २००८ मध्ये गरिबांच्या सरकारी विम्यासाठी चक्क लॉटरी काढली होती. नंबर लागलेले आणि न लागलेले यांची तुलना झाली, तर नोकरीत आणि कमाईत नाव घेण्याजोगा फरक सापडला नाही. टेनेसीत मात्र २००५ मध्ये लाखाहून जास्त लोकांचा सरकारी विमा काढून घेतला, तेव्हा बरेच जण नोकरीला लागले, विशेषतः विमा देणाऱ्या नोकरीला. म्हणजे एका शब्दात उत्तर नाही. मला विचाराल तर विम्यापायी कामाला जुंपलेल्या म्हाताऱ्याला आराम मिळाला तर त्याला काम सोडून बसणं म्हणू नये. आमच्याकडे अठ्ठावन्न झाल्यावरही ठेकेदाराकडे कमी पगारात रुजू होणारे होते, केवळ कार्ड चालू राहावं म्हणून. त्यातल्या कित्येकांना हे कोणी सांगितलेलं नसे की ईएसआयमध्ये निदान पाच वर्षं काढून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. बारा हजार नाही, एकशे वीस.

आजारी पडल्यावर राजीनामा देऊ नका

हे सगळ्यात कळकळीने सांगते. टीबी निघाला, कॅन्सर निघाला, की माणूस आधी नोकरी सोडतो. लाज वाटते, सुपरवायझर कुरकुरतो, घरचे म्हणतात जीव वाचला तर पुढचं बघू. आणि ज्या क्षणी छप्पर लागतं त्याच क्षणी तो ते स्वतःच्या हाताने उतरवतो. ईएसआयमध्ये ३४ मोठ्या आजारांना विस्तारित आजारपण लाभ आहे, टीबी आणि कॅन्सर त्यात येतात. दोन वर्षं नोकरीत झालेली असतील आणि वर्गणीच्या अटी भरत असतील तर पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. आजारपणाचा भत्ता चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही. सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं, खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर भत्ता सुरू होईल असं समजू नका. ग्रुप मेडिक्लेमवाल्यांनी आधी बिनपगारी रजा मागा. रजेत विमा चालू राहतो का, तेही लेखी घ्या.

घरच्या माणसाचा उपचार चालू असेल तरी तेच. मुरूडचा एक जण बायकोची केमो चालू असताना मासळीच्या धंद्यात उतरायला निघाला होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं, थांब. अशा वेळी दुसरी विमा कंपनी दारात उभी करत नाही. त्याला वाईट वाटलं, पण हिशेबाला इलाज नव्हता.

ज्या घरात एकाच्या नोकरीवर दुसऱ्याचा धंदा उभा असतो

आपल्याकडे हे फार. तो खोल्या चालवतो, ती झेडपीच्या शाळेत किंवा हॉस्पिटलात. भाऊ बोटीवर, बहीण कंपनीत. धंदा याचा, विमा तिचा. जमतंय तोवर उत्तमच. पण मी हिशेब मांडताना दोघांना समोर बसवते. तिला बदली नको असते, कंटाळा आलेला असतो, कधी खोल्यांचं काम तिलाच चांगलं जमत असतं, पण तिने सोडायचं नाव काढायचं नाही, कारण सगळ्यांचं कार्ड तिच्या नोकरीवर. मग तिच्या नोकरीची ही किंमतही त्याच्या शीटमध्ये धंद्याचा खर्च म्हणून लिहा. एकदा आकडा लिहिला की निदान तिला वर्षाने, दोन वर्षांनी सोडता येईल का, हे बोलता येतं. भांडणं होतात कधीकधी ओटीवर. होऊ देत.

सरकारी योजनेला किती टेकायचं

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या-केशरीच नाही, पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ज्याला पॉलिसी परवडतच नाही, खलाशी, वाडीतला मजूर, रिक्षावाला, त्याने 'माझं काही नाही' म्हणत बसू नये. रेशनकार्डावरची नावं आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजच बघा. 'सखाराम'चा 'सखराम' झालेला असतो आणि तो ॲडमिट झाल्यावरच सापडतो.

पण पॉलिसी परवडणाऱ्याने फक्त याच्यावर भिस्त ठेवून नोकरी सोडू नये असं माझं मत. उपचार ठरलेल्या यादीतले, हॉस्पिटलं पॅनेलवरची. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा पनवेलच्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलात जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतीसाठी बसवलेल्या माणसाला, विचारून ठेवा: आमच्या घरातल्या या आजाराला इथे काय होतं आणि काय होत नाही? फोनवर नको, समक्ष. रिपोर्ट घेऊन जा.

फॉर्म भरताना

एजंट म्हणेल, "शुगरचं लिहू नका, प्रीमियम वाढेल." लिहा. पाच वर्षं सलग पॉलिसी चालल्यावर विमा कंपनीला, फसवणूक सोडली तर, 'तुम्ही आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही हे खरं. पण ती पाच वर्षं जायला हवीत, आणि लपवलेला आजार तोवर थांबत नाही. गोळी चालू असेल तर गोळीचं नाव लिहा, ऑपरेशन झालं असेल तर वर्ष लिहा. भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या. पॉलिसी आल्यावर ३० दिवसांत वाचून नको वाटली तर परत करता येते, तेवढ्या दिवसांत वाचायची. वाचायला कंटाळा येत असेल तर निदान रूम रेंटची मर्यादा, को-पे (बिलातला तुमच्या खिशातला वाटा) आणि वेटिंग ही तीन पानं शोधा.

आणि कंपनी सोडताना रिलीव्हिंग लेटरबरोबर आणखी काही कागद मागून घ्या. ग्रुप पॉलिसीत तुम्ही आणि घरची माणसं कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता त्याचं पत्र, विमा रक्कम त्यात लिहिलेली. दर वर्षीची ई-कार्डं. झालेल्या क्लेमची कागदपत्रं, डिस्चार्ज कार्डांसकट. ईएसआयवाल्यांनी आपला विमा नंबर आणि बाहेर पडल्याची नोंदवलेली तारीख तपासावी, कारण टाइम ऑफिसातून चुकीची तारीख गेली तर पुढची पात्रताही चुकते. हे सगळं शेवटच्या दिवशी दुपारी चारला मागू नका, तेव्हा टाइम ऑफिसातलं माणूस तुमच्या गेटपासच्या मागे लागलेलं असतं. आठवडाभर आधी मागा.